पाच मागण्या, १८८४

(पडद्यावर: परळ. बंद गिरणीचं धुराडं.)

२३ सप्टेंबर १८८४. परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८चा. रेल्वे आणि टपालात नोकरी, मग मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर, आणि १८८०पासून 'दीनबंधू'चे संपादक. फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे जो अर्ज गेला, त्याखाली साडेपाच हजार सह्या होत्या.

अर्जात पाच मागण्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. सूर्यास्तापर्यंत? आज हे विचित्र वाटतं. पण गिरणीत विजेचे दिवे नव्हते, साचे, म्हणजे माग, दिवसाच्या उजेडावर चालत. उजाडताच भोंगा वाजे, म्हणून उन्हाळ्यात दिवस तेरा-चौदा तासांचा होई. साडेसहाची वेळ बांधली की सकाळचं टोक तरी हातात येतं.

चौथी मागणी सगळ्यात खोलवरची: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. पगार थकवून देण्याची रीत होती. तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे कर्ज, व्याज रुपयाला महिना एक आणा. कर्ज देणारा पुष्कळदा मुकादमच, ज्याच्या हातात भरतीही. एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापणं, म्हणजे 'डबल खाडा', हेही चाले. थकलेला पगार बुडेल या भीतीने माणूस गिरणी सोडूच शकत नसे.

पाचवी, अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई.

(पडद्यावर: महालक्ष्मी रेसकोर्स.)

२४ एप्रिल १८९०ला इथे सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९०ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्यांना तो परका नव्हताच. १८९१च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, पुरुषांच्या तासांना मात्र काहीच नाही.

अडलं कुठे? लोखंड्यांच्या 'मिल हँड्स असोसिएशन'कडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. अर्ज, सभा आणि वर्तमानपत्र एवढ्यावर मागणी कमिशनपर्यंत पोचते. गिरणीच्या प्रत्येक खात्यात संघटनेचा माणूस नसेल तर मुकादमाशी रोज कोण भांडणार? गिरणी कमिट्या बांधायला १९२८चं गिरणी कामगार युनियन यावं लागलं.

९ फेब्रुवारी १८९७ला लोखंडे प्लेगने गेले. पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा १९११च्या कायद्यात आली, अपघाताची भरपाई १९२३ला. पगाराची तारीख कायद्यात बसायला १९३६ उजाडलं: हजाराच्या आत कामगार असतील तर ७, नाहीतर १०.