नाळेचा वेढा आणि न मिळालेलं उत्तर

पूर्ण दिवस भरलेल्या बाळाची नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते. तिच्यातली एक शीर वारेकडून (प्लासेंटाकडून) प्राणवायू आणि पोषण घेऊन येते, दोन धमन्या बाळाचं वापरलेलं रक्त परत नेतात. तिघींभोवती जेलीसारखा चिवट थर असतो. नाळ वाकली, पिळली, तरी रक्त वाहत राहतं ते या थरामुळे.

म्हणून ‘गळ्याला नाळेचा वेढा’ ऐकून लगेच धास्तावू नये. चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी असा वेढा दिसतो. बहुतेक वेळा तो अलगद सोडवतात आणि बाळ रडतं.

पण कधी नाळेला गाठ बसते आणि ती आवळत जाते. कधी पाणमोट फुटताच नाळ बाळाच्या आधी खाली घसरते, आणि बाळाचं डोकंच तिला दाबून धरतं. तेव्हा हाताशी काही मिनिटंच असतात. कधी नाळेतल्या रक्तवाहिन्या जेलीच्या आधाराशिवाय पाणमोटेच्या पडद्यातून, थेट गर्भाशयाच्या तोंडावरून जातात आणि पाणमोटेबरोबर फाटतात. हा धोका सोनोग्राफीत आधी दिसू शकतो. दिसला, तर कळा सुरू होण्यापूर्वीच सिझेरियन करून बाळ वाचवता येतं.

जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळं २८ आठवड्यांनंतर पोटातच किंवा जन्मताना दगावतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तपासलेल्या मृतजन्मांपैकी सुमारे १० टक्क्यांमागे नाळेचा दोष आढळला.

हा आकडा मिळाला तो नीट तपासणी केल्यामुळे. वेढा दिसला एवढ्यावरून कारण ठरत नाही. तो तर सुखरूप बाळांच्या गळ्यातही असतो. नाळ खरोखर दबली होती का, रक्ताची गुठळी झाली होती का, हे नाळ आणि वार प्रयोगशाळेत तपासल्यावर कळतं. शवविच्छेदनाची त्याला जोड लागते. त्या क्षणी आईवडिलांना त्याची परवानगी विचारणं फार अवघड असतं. तरीही विचारायला हवं. नाहीतर त्या आईला आयुष्यभर वाटत राहतं, की आपण हात उंचावून काही काढलं, कुशीवर वळलो, म्हणून हे झालं. तसं होत नाही. वेढा पडतो बाळाच्या स्वतःच्या हालचालींनी.

नाळ आवळतेय हे आईला जाणवत नाही. तिला जाणवतं ते बाळाचं हलणं. ते नेहमीपेक्षा कमी झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. घरच्या यंत्रावर ठोके ऐकू आले, तरीही जा.