"आई, त्याच्या कानामागे काय आहे?"

नमस्कार श्रोतेहो. नेरूळ काय किंवा नौपाडा काय, संध्याकाळी कुठल्याही बागेत घसरगुंडीपाशी हा प्रश्न ऐकू येतो. चार वर्षांचं पोर, अर्थातच सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, "आई, त्या दादाच्या कानामागे काय आहे?" आणि आई त्याचा हात दाबते, "शू! असं विचारू नये."

का विचारू नये? पोराला कुतूहल होतं, कीव नव्हती, हेटाळणी तर नव्हतीच. आपण गप्प केलं की त्याला कळतं, इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे. त्यापेक्षा सरळ सांगावं, "ते ऐकू येण्याचं यंत्र आहे." मी बालवर्ग घेते. वर्गातल्या एका मुलाला कॉक्लियर इम्प्लांट आहे, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवलेलं ऐकू येण्याचं यंत्र. त्याचा बाहेरचा गोल तुकडा लोहचुंबकाने डोक्याला चिकटतो, हे त्याच्या आईने वर्गात येऊन दाखवलं. चुंबक म्हटल्यावर काय! "आम्हालापण पाहिजे," म्हणून दोघं हटूनच बसले. तेव्हापासून पळापळीत तो तुकडा सुटला की उचलून द्यायला तिघं-चौघं धावतात.

मैत्रीचं मात्र असं सांगून होत नाही. "जा, मैत्री कर त्याच्याशी," म्हटलं की पोर आईच्या ओढणीत तोंड लपवतं. दोन-अडीच वर्षांची मुलं शेजारी बसतात, पण खेळतात आपापलंच. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने १९३२ सालीच हे टिपून ठेवलंय. आमच्याकडचे पालक अजून काळजी करतात. पुढे चौथ्या-पाचव्या वर्षी दोघांत मिळून एक काम द्यावं. एकच बादली, एकच डिंकाची बाटली. आधी भांडतात, मग "तू धर, मी लावतो" सुरू होतं.

डब्याची गोष्ट जरा नाजूक आहे. नवी मुंबईत एकाच बाकावर आगरी-कोळी घरातली सुकट-भाकरी येते आणि शेजारी ठेपले. "ई, वास!" हे कुठून येतं? बहुतेक वेळा घरून. आमच्या वर्गात नियम एवढाच: नको असेल तर "नको" म्हणायचं, "ई" म्हणायचं नाही. सुकट सगळ्यांनी खाल्लीच पाहिजे, असा माझा मुळीच आग्रह नाही.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. मुलं एका बाकावर आली. वाढदिवसाच्या यादीत मात्र तीच नावं गळतात, आणि ती यादी पाच वर्षांचं मूल करत नाही, आपण करतो.

तर या सुट्टीत एकाच मुलाला घरी बोलवा. पाच-सहा नकोत, गोंधळ होतो. त्याच्या आईला आधी विचारा: काय खातो, कशाला घाबरतो? काही मुलांना कुकरची शिट्टी सहन होत नाही, काहींना मिक्सर. घरात कुत्रा असेल तर तेही सांगा. आणि तास-दीड तासात आवरा, दोघंही कंटाळायच्या आत.