वाऱ्यात विमान वाकडं का येतं, आणि टेकल्यावर का भेलकांडतं?

नमस्कार मंडळी! तो छोट्या विमानाचा व्हिडिओ, टेकतं, गर्रकन फिरतं आणि पंख घासत गवतात जातं, तो मला एवढ्या जणांनी पाठवलाय की आता प्लीज थांबा, बघितला मी, दहादा बघितला.

कमेंट काय, तर "दादा, पायलट नवशिका, विमान वाकडंच आणलंन." अरे बाबांनो, आडव्या वाऱ्यात वाकडंच आणतात! खाडीला ओहोटी असताना होडीवाला समोरच्या धक्क्यावर नाक धरतो का? नाही ना, ओढीच्या उलट्या बाजूला धरतो आणि होडी बरोबर धक्क्याला लागते. विमानाच्या अशा तिरकं येण्याला क्रॅबिंगच म्हणतात, क्रॅब म्हणजे आपली कुर्ली, तिरकी चालणारी. मग टेकायच्या जरा आधी रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या, हलत्या फळीने, नाक सरळ, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं. झालं.

आणि वारा किती हे विचारताना कुठून हेही विचारा. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी 09-27, म्हणजे पूर्व-पश्चिम. खारा वारा सरळ पश्चिमेकडून आला तर 27 वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरताना तो नाकावर, तोच 30 अंश बाजूने आला की निम्मा आडवा. सेसना 172 या छोट्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये उतरून दाखवलेला जास्तीत जास्त आडवा वारा 15 नॉट दिलाय, साधारण ताशी 28 किलोमीटर. "एवढ्याशा वाऱ्याने काय होतंय, आम्ही निसर्ग वादळ बघितलंय" असं लिहिणाऱ्या काका, तुम्ही वादळ घरात बसून बघितलंत.

आता खरी गोची. चाकं टेकली म्हणजे लँडिंग संपलं नाही. परत सांगतो, संपलं नाही! शेपटीचा उभा पंख वारा धरतो आणि नाक वाऱ्याकडे ओढलं जातं. वेग उतरतो तसा रडर दुबळा होत जातो, वारा मात्र तेवढाच. म्हणून एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्या, वाऱ्याकडे धरून ठेवायचे, म्हणजे तिकडचा पंख खाली दाबलेला राहतो, आणि वेग कमी होईल तसे कमी नाही, जास्त, जास्त, अगदी शेवटपर्यंत.

मे महिन्यात सड्यावरच्या घराच्या पडवीला पत्रे घालत होतो. माझे काका ओरडत होते, "वाऱ्याकडची कड खाली दाब!" अख्खं अंगण तसाच आणला पत्रा, पडवीशी पोचलो, म्हटलं झालं, हात सैल सोडला. पत्रा फडकन उलटला, अंगठ्याला चार टाके, ही बघा खूण. काका टाक्यांचं सोडून एकच विचारत होते, "पोचलो म्हणून सोडलास कशाला?"

तर तो व्हिडिओ परत लावा. येणं सोडा, टेकल्यानंतरचे दोन सेकंद बघा. वाऱ्याकडच्या पंखाचा एलेरॉन वर उचललेला असायला हवा ना? सपाट आहे. हात सैल.