शिशाचे पंख

(दृश्य: राकसकोप जलाशय, पहाट. पाण्यावर धुकं. काठावर एक म्हैस, लांबून येणारा एस.टी.चा हॉर्न.)

निवेदन:
बेळगावहून समुद्र तसा लांब नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. पण आमच्या पाण्याला ती वाट ठाऊक नाही. राकसकोपची मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला. मलप्रभा तर खानापूर तालुक्यात कणकुंबीला, ऐन सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. अरबी समुद्र हाकेवर असतो आणि ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला चालू लागते.

शिडाची होडी आम्ही लहानपणी पाहिली ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तरीही शिडाच्या नौकांच्या एका जुन्या चषकाची ही गोष्ट बेळगावातूनच सांगायची आहे. कारण तिच्या मध्यभागी एक ओतकाम आहे. आणि ओतकाम म्हटलं की उद्यमबागेतल्या, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, माणसाचे कान टवकारतात.

(दृश्य: उद्यमबाग. फाउंड्रीत साचा ठोकला जातोय. लाकूड तासणारे पॅटर्नमेकर काका.)

निवेदन:
हे आमच्या गल्लीतले काका. चाळीस वर्षं पॅटर्न बनवतात. आधी लाकडात वस्तू घडते, मग वाळूत तिचा ठसा उमटतो, मग धातू ओतला जातो. त्यांच्यापुढे मी एका नौकेच्या तळाचा फोटो ठेवला. त्यांनी तो एकदा सरळ पाहिला, एकदा उलटा धरून पाहिला, आणि म्हणाले, "हे खालचं वर केलंय की रे कुणीतरी."

काकांनी एका नजरेत जे ओळखलं, त्यावरून १९८३ साली अमेरिकेत सगळा उन्हाळा भांडणात गेला होता.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रं. शिडांची जहाजं, टोप्या घातलेली गर्दी.)

निवेदन:
सुरुवात १८५१ ची. 'अमेरिका' नावाची एक नौका अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेली आणि आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत तिथल्या नौकांना हरवून चांदीचा चषक घेऊन आली. १८५७ मध्ये मालकांनी तो न्यूयॉर्क यॉट क्लबला देऊन टाकला. अट एकच: कोणत्याही देशाच्या क्लबने आव्हान द्यावं, आणि जिंकून न्यावा. नौकेच्या नावावरून त्याचं नाव पडलं अमेरिकाज कप.

जिंकून न्यावा हे म्हणायला सोपं होतं. १८५१ पासून तो चषक अमेरिकेतच राहिला, १३२ वर्षं.

सर थॉमस लिप्टन यांचं नाव आपल्याकडे चहाच्या पुड्यावरून घरोघर पोचलेलं. हा माणूस १८९९ पासून १९३० पर्यंत पाच वेळा आव्हान घेऊन गेला. पाचही नौकांचं नाव 'शॅमरॉक'. पाचही वेळा रिकाम्या हाताने परतला. पैसा होता, हौस होती, चिकाटी तर बघा, एकतीस वर्षांची. मग कमी काय पडत होतं?

एक कारण नियमांतच होतं. आव्हान देणाऱ्या नौकेने शर्यतीच्या जागी स्वतः समुद्रातून पोचायचं. म्हणजे अटलांटिकच्या लाटा सोसेल इतकी दणकट बांधायची, आणि मग घरच्या पाण्यासाठी बांधलेल्या हलक्या नौकेशी स्पर्धा करायची. ही अट १९५६ मध्ये गेली. तरी चषक हलला नाही.

दुसरं कारण आमच्याकडच्या पैलवानाला लगेच कळेल. तालमीत जोड चांगला असेल तर पैलवान घडतो. एकट्याने कितीही जोर-बैठका काढल्या तरी मातीत समोर कुणी नसेल तर डाव पक्का होत नाही. न्यूयॉर्कवाले आपसात चाचणी शर्यती लावायचे. दोन-तीन नौका सगळा उन्हाळा एकमेकींना भिडायच्या आणि त्यातली तावून सुलाखून निघालेली चषक राखायला उतरायची. आव्हान देणारा मात्र एकटा यायचा. त्याची पहिली खरी झुंज तीच शेवटची झुंज असायची.

(दृश्य: काका लाकडाचा ठोकळा तासताहेत. रंध्याचा आवाज. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

निवेदन:
१९७० मध्ये पहिल्यांदा एकाहून जास्त आव्हानवीर उभे राहिले. ऑस्ट्रेलियाची 'ग्रेटल टू' आणि फ्रान्सची 'फ्रान्स'. फ्रेंच चमूमागे होते बॅरन मार्सेल बिक, बॉलपेनमुळे जगभर नाव झालेले. आधी आपसात खेळा, जिंकेल तो अमेरिकेशी, असं ठरलं. 'ग्रेटल टू'ने चार शर्यतींत निकाल लावला. शेवटच्या शर्यतीत बॅरन स्वतः सुकाणूवर बसले आणि धुक्यात वाटच चुकले. ऑस्ट्रेलिया पुढे न्यूयॉर्ककडून हरली. पण वाट सापडली होती: आव्हानवीरांची आपली एक तालीम हवी.

त्याच बॅरनच्या नौकांवर पुढे एक तरुण कर्णधार होता, ब्रूनो ट्रूब्ले. त्याने ही पात्रता फेरी आतून पाहिली होती. स्वतःचा चषक नसलेली, पत्रकारांना बसायला जागा नसलेली. १९८३ च्या आधी तो पॅरिसच्या लुई व्हिटॉन कंपनीकडे गेला. ही कंपनी १८५४ पासून प्रवासाच्या पेट्या बनवणारी. बोटीच्या तळघरात एकावर एक रचता याव्यात म्हणून सपाट झाकणाच्या ट्रंका तिने प्रसिद्ध केल्या. कंपनीचे प्रमुख आंरी राकामिए यांना कल्पना पटली. पात्रता फेरीला नाव मिळालं: लुई व्हिटॉन कप.

आमच्या भागात हे नवं नाही. गावोगावच्या क्रिकेट स्पर्धा, कबड्डीच्या स्पर्धा कुणाच्या तरी नावाच्या चषकासाठीच होतात. देणाऱ्याचं नाव कमानीवर झळकतं, आणि त्याच कमानीखालून एखादा पोरगा पुढे जातो. प्रायोजकाच्या नावाने खेळ बाटतो असं म्हणणारे असतात. मला ते पटत नाही. ज्या फेरीला कुणी विचारत नव्हतं तिला चषक मिळाला, आणि ती जिंकणं हीच एक मिळकत ठरली.

(दृश्य: न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड, १९८३. धक्क्यावर उचलून धरलेली पांढरी नौका, तळाभोवती हिरवं कापड.)

निवेदन:
त्या उन्हाळ्यात सात आव्हानवीर आले. ऑस्ट्रेलियाचे तीन, ब्रिटन, इटली, फ्रान्स आणि कॅनडाचा एकेक. त्यातल्या 'ऑस्ट्रेलिया टू'ला रोज पाण्याबाहेर काढलं की तळाभोवती कापड गुंडाळत. आत काय आहे ते कुणी पाहायचं नाही.

आत होती कील. शिडाच्या नौकेखाली पाण्यात उभं असतं ते वजनदार पातं म्हणजे कील. वारा शिडाला आडवं पाडू बघतो, कील खालून ओढून धरते. तळाशी वजन असलेली बाहुली कितीही ढकला, उभीच राहते, तसं. साधारणपणे ही कील वर रुंद आणि खाली निमुळती असते. बेन लेक्सन या आरेखकाने ती उलटी केली. वर निमुळती, खाली रुंद, आणि अगदी तळाला दोन्ही बाजूंना शिशाचे पंख. वजन खाली गेलं, तेवढी नौका कमी कलू लागली. शिवाय कीलच्या टोकाशी पाण्याचे भोवरे होऊन वेग खाल्ला जातो, ते पंखांनी कमी झाले.

लेक्सन चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला, पुढे शिडं शिवू लागला, मग नौका आखू लागला. नेदरलँड्समधल्या चाचणी टाकीत मॉडेल तपासले गेले. तिथले तंत्रज्ञ पीटर व्हान ओसानेन यांनी पुढे त्या कीलच्या श्रेयावर आपला हक्क सांगितला. तो वाद बरीच वर्षं चालला. मी एवढंच म्हणेन, आमच्या उद्यमबागेतही ड्रॉइंग एकाचं, पॅटर्न दुसऱ्याचा आणि ओतणारे हात तिसऱ्याचे असतात.

न्यूयॉर्क क्लबने ही कील नियमबाह्य ठरवण्याचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही. 'ऑस्ट्रेलिया टू'ने लुई व्हिटॉन कपच्या अंतिम फेरीत ब्रिटनच्या 'व्हिक्टरी ८३'ला ४-१ हरवलं. तोवर सगळा उन्हाळा ती शर्यती खेळत होती. दोर, शिडं, माणसं, सगळं मुरलेलं.

मग खुद्द चषकाच्या सामन्यात, चषक राखणाऱ्या अमेरिकेच्या डेनिस कॉनर यांच्या 'लिबर्टी'ने ३-१ आघाडी घेतली. अजून एक जिंकली की संपलं. तिथून कर्णधार जॉन बर्ट्रंड यांच्या चमूने ३-३ केलं. २६ सप्टेंबर १९८३, सातवी शर्यत. शेवटून दुसऱ्या टप्प्यापर्यंत कॉनर पुढे. वारा पाठीमागून, दोन्ही नौका समुद्राच्या वेगवेगळ्या बाजूला गेल्या, आणि पुन्हा जवळ आल्या तेव्हा पांढरी नौका पुढे होती. ४१ सेकंदांनी जिंकली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी त्या सकाळी टीव्हीवर सांगून टाकलं, आज कामावर आला नाही म्हणून जो मालक नोकराला काढेल तो नालायक.

पात्रता फेरीचं बारसं झालं त्याच वर्षी १३२ वर्षांचं कुलूप उघडलं. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. पंखांचा वाटा होताच. पण पंख त्या सात नौकांच्या भांडणात घासले गेले होते.

(दृश्य: फ्रीमँटल, १९८७. उंच लाटा, भिजलेले चेहरे.)

निवेदन:
पुढच्या खेपेला १३ आव्हानवीर ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलला जमले. न्यूझीलंड पहिल्यांदाच आलं, तेही फायबरग्लासची नौका घेऊन. अंतिम फेरीपर्यंत ती केवळ एक शर्यत हरली होती. आणि अंतिम फेरीत कॉनरने तिला ४-१ पाडलं. ज्याने चषक गमावला, तोच पात्रता फेरीच्या दारातून आत येऊन तो परत घेऊन गेला.

१९९२ मध्ये न्यूझीलंड पुन्हा अंतिम फेरीत. आघाडीवर असताना नौकेच्या पुढच्या दांड्याच्या वापरावरून तक्रार झाली, आणि इटलीच्या 'इल मोरो दि व्हेनेत्सिया'ने ५-३ बाजी मारली. इतक्या छोट्या देशाला दोनदा दारातून माघारी जावं लागलं. १९९५ मध्ये सॅन दिएगोला न्यूझीलंड चमूचे प्रमुख पीटर ब्लेक यांनी लाल मोजे घातले, न्यूझीलंडमध्ये लोकांनी लाल मोजे विकत घेऊन चमूला पैसा उभा करून दिला. त्याच पात्रता फेरीत ५ मार्चला 'वनऑस्ट्रेलिया' भर शर्यतीत मधोमध मोडली आणि काही मिनिटांत बुडाली. माणसं सगळी वाचली. त्याच चमूने दुसरी नौका काढून अंतिम फेरी गाठली, ही गोष्ट मला जिंकणाऱ्यांइतकीच मोठी वाटते. न्यूझीलंडने त्यांना ५-१ हरवलं आणि नंतर अमेरिकेकडून चषक ५-० ने नेला.

(दृश्य: पुन्हा राकसकोप. दुपार. पाणी स्थिर.)

निवेदन:
२००३ ची फेरी इथल्या काठावर बसून सांगावीशी वाटते. त्या वर्षी लुई व्हिटॉन कप जिंकला 'अलिंगी'ने. क्लब जिनिव्हाचा. देश स्वित्झर्लंड, ज्याला समुद्रच नाही. तळ्यावर शिडं शिकलेल्यांचा क्लब, एर्नेस्तो बर्तारेली यांचा पैसा आणि न्यूझीलंडहून आलेले रसेल कुट्स सुकाणूवर. पात्रतेत अमेरिकेच्या 'ओरॅकल'ला ५-१, मग ऑकलंडमध्ये न्यूझीलंडला ५-०. १८५१ नंतर चषक पहिल्यांदा युरोपात परतला, तो डोंगरांनी वेढलेल्या देशात.

मध्ये काही वर्षं रिकामी गेली. १९८८ आणि २०१० चे सामने कोर्टाच्या वाटेने थेट दोघांतच झाले, पात्रता फेरीच नाही. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला केवळ तीन आव्हानवीर होते. सरावात स्वीडनच्या 'आर्टेमिस' चमूची नौका उलटून ऑलिंपिक सुवर्णविजेते अँड्र्यू सिम्पसन गेले. त्या फेरीच्या सुरुवातीला न्यूझीलंडची नौका एकटीच शर्यत पूर्ण करून आली, समोर कुणी नव्हतं. तालमीत जोड नसेल तर काय होतं ते त्या दिवशी जगाने पाहिलं. २०२१ मध्ये फेरीचा चषक इटलीच्या प्राडा कंपनीच्या नावाने झाला. २०२४ ला बार्सेलोनात लुई व्हिटॉनचं नाव परतलं. ब्रिटनने इटलीच्या 'लुना रोसा'ला ७-४ हरवून तो पहिल्यांदा जिंकला. अंतिम सामन्यात मात्र न्यूझीलंडने ७-२ ने अमेरिकाज कप स्वतःकडेच राखला.

(दृश्य: काकांची खोली. टेबलावर लाकडात कोरलेली पंखांची कील. शेजारी फोनवर २०२४ च्या नौकेचा व्हिडिओ, नौका पाण्याच्या वर उडते आहे.)

निवेदन:
काकांनी कील पुरी केली. सागवानाचा तुकडा, वीतभर, पंखांसकट. मी त्यांना बार्सेलोनाचा व्हिडिओ दाखवला. अख्खी नौका पाण्याबाहेर, एका बाकदार पात्यावर आणि मागच्या सुकाणूवर तोललेली. आतली माणसं पायाने पॅडल मारून तेलाचा दाब तयार करतात आणि त्या दाबावर शिडं हलतात. हायड्रॉलिकचे पंप, व्हॉल्व काकांच्या शेजारच्याच शेडमध्ये बनतात, त्यामुळे ते लगेच समजलं.

मग ते गप्प झाले. व्हिडिओ थांबवायला सांगितला. नौकेच्या पोटाखाली बोट फिरवलं.

"कील कुठाय रे हिची?"

मी सांगितलं, नाही. दोन बाजूंना दोन हात आहेत, हाताच्या टोकाला वजनदार पंख. एक पाण्यात राहतो, दुसरा वर उचलतात.

काकांनी टेबलावरची सागवानी कील उचलली. आडवी करून हातभर लांब, हवेत धरली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. मनगट थरथरायला लागलं तेव्हा म्हणाले, "होय की. हे वजन बाहेर लोंबतंय, म्हणून ती पलीकडं पडत नाही."

आणि चष्मा पुसून त्यांनी नवा ठोकळा पुढ्यात ओढला.