हॉकीवाला हिरो वाचकांना का आवडतो

नमस्कार मंडळी. आज मी एका इंग्रजी कादंबरीबद्दल बोलणार आहे, एल केनेडी या कॅनेडियन लेखिकेची 'द डील'. 2015 साली आली, आधी तिने स्वतःच प्रकाशित केली होती. स्पोर्ट्स रोमान्स म्हणतात ना, त्यातली ही खूप गाजलेली, आणि हिच्यातला खेळ म्हणजे आइस हॉकी, स्केट्स घालून बर्फावर खेळतात ती. माझ्या लहानपणी मावशी गल्लीतल्या लायब्ररीतून मिल्स अँड बून आणायची आणि वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायची. आता माझी भाची लोकलमध्ये मोबाइलवर वाचते, कव्हर लागत नाही, पण कुणी विचारलं काय वाचतेस तर अजूनही म्हणते, "काही नाही गं, टाइमपास." ते "काही नाही" मला फार टोचतं.

गोष्ट अशी. मॅसॅच्युसेट्समधलं ब्रायर नावाचं काल्पनिक विद्यापीठ. हॅना वेल्स म्युझिक शिकते, गॅरेट ग्रॅहम हॉकी टीमचा कॅप्टन. एथिक्स म्हणजे नीतिशास्त्राच्या मिडटर्मला, सत्राच्या मधल्या परीक्षेला, जवळजवळ सगळा वर्ग आपटलाय, हॅनाला मात्र ए, आणि गॅरेट नापास, आणि ग्रेड सुधारली नाही तर याचं खेळणंच बंद, कारण अमेरिकन कॉलेजात खेळाडूलासुद्धा अभ्यासात ठरावीक ग्रेड राखावीच लागते. मग हा तिच्या मागे लागतो, मला शिकव. ती नाही म्हणते, परत विचारतो, परत नाही. शेवटी ठरतं की ती शिकवणार, आणि तिला आवडणाऱ्या फुटबॉलवाल्या जस्टिनचं लक्ष जावं म्हणून हा तिच्याबरोबर फिरण्याचं नाटक करणार. पुढे काय होणार ते तुम्हाला आत्ताच कळलं असेल, वाचणाऱ्या प्रत्येकीला कळतं, तरी रात्री दोनपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही.

मग हा हॉकीवाला हिरो का आवडतो? लोक म्हणतात, पिळदार शरीर, दुसरं काय. ते आहेच. पण हॅनाबद्दल एक गोष्ट आपल्याला सुरुवातीलाच कळते. शाळेत असताना एका पार्टीत तिच्या ड्रिंकमध्ये काहीतरी घालून तिच्यावर बलात्कार झालाय, आणि गाव उभं राहिलं ते त्या मुलाच्या बाजूने. त्यामुळे पार्टीत काही प्यायची तिला भीती वाटते, आणि जवळीक आली की शरीर साथ देत नाही. हे ती एक दिवस गॅरेटला सांगते, स्वतःहून, आणि त्याच्याकडेच मदत मागते. तिथे तो काय करतो? विचारतो, थांबतो, ती म्हणेल तेवढंच पुढे जातो. मला वाटतं सगळं आकर्षण या थांबण्यात आहे, आणि ते खेळाडूच्या बाबतीत खरं वाटतं कारण त्याला चुकायची, कोचचं ऐकून घ्यायची, परत पहिल्यापासून करायची सवय असते. "असं नाही, असं कर" म्हटलं तर त्याचा अपमान होत नाही.

आणि दुसरी बाजू त्याच्या वडिलांची. फिल ग्रॅहम एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये खेळलेला, बाहेर लोक डोक्यावर घेतात, घरात बायको-मुलाला मारणारा. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या कुटुंबाने एकत्र जेवायच्या सणाला, गॅरेट हॅनाला त्या घरी नेतो, जेवणाचं टेबल, वडिलांची नवी मैत्रीण, आणि हॅनाच्या लक्षात येतं की या घरात आजही एक बाई मार खातेय. आता बघा, हॉकीत अंगावर जाऊन धडक मारणं नियमातच बसतं, पण हद्द ओलांडली की रेफ्री शिट्टी मारतो आणि दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतो. घरात शिट्टी मारणारं कुणी नव्हतं. म्हणून आपणही बापासारखेच निघालो तर, ही गॅरेटची भीती मला पुस्तकातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते.

सांगण्याची पद्धतही बघा, एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या. हॉकीत खेळाडू साधारण 45 सेकंद जीव तोडून खेळतो आणि बेंचवर येतो, दुसरा आत उडी मारतो, तसंच हे. तो मनात काय म्हणतोय ते आपल्याला थेट ऐकू येतं, आणि प्रत्यक्ष आयुष्यात ते कुणालाच ऐकू येत नाही हो.

खटकलेलंही सांगते. सुरुवातीला गॅरेट मुलींबद्दल ज्या भाषेत बोलतो ती मला नाही आवडली. आणि शेवटाकडे गॅरेटचा बाप त्याचे पैसे बंद करायची धमकी देतो म्हणून हॅना गॅरेटला खरं न सांगताच सोडते, एवढं सगळं मोकळेपणी बोललेली मुलगी इथेच कशी गप्प बसते, ते पटत नाही.

अजून एक, 2023 मध्ये सिअॅटलच्या एनएचएल टीमने टिकटॉकवर अशा हॉकी रोमान्सच्या वाचकांसाठी मुद्दाम व्हिडिओ केले, आणि काही जणींनी खऱ्या खेळाडूंबद्दल इतकं अंगचटीला जाणारं लिहिलं की एका खेळाडूच्या बायकोला जाहीरपणे थांबा म्हणावं लागलं, टीमने ते व्हिडिओ काढून टाकले. ती बरोबरच होती. थांबणारा हिरो आवडतो ना आपल्याला, मग त्या माणसाच्या बाबतीत आपणही थांबायला हवं होतं.

पुढची तीन पुस्तकं लोगन, डीन आणि टकर या गॅरेटच्या घरमित्रांची आहेत. टकरचं 'द गोल' जरूर वाचा, त्यातल्या सब्रिनाला हार्वर्डला लॉ करायचंय आणि मध्येच दिवस जातात, आणि टकर तिला शिक्षण सोडायला लावत नाही. प्रत माझ्या पिशवीत आहे, हवी तिने घेऊन जा.