सुरूचा कल

गुहागरचा किनारा. दिवाळी नुकतीच सरली आहे. दिवेलागण होऊन तासभर झाला, वारा पडलेला आहे.

तरी ही सुरूची झाडं बघा. समुद्राकडची पहिली रांग गावाकडे कललेली. पावसाळ्यात वारा कुठून सुटतो, हे इथे कुणाला विचारायला नको. झाडाचा कल बघितला की झालं.

आता वायव्येला वर बघा. हा हंस तारकासमूह. शेपटीशी ठळक तारा आणि पश्चिमेकडे झुकलेली लांब मान. त्या मानेत, साध्या दुर्बिणीतून जेमतेम दिसणारा एक निळसर तारा आहे. त्याचा जोडीदार मात्र कुठल्याच दुर्बिणीतून दिसायचा नाही. तो आहे सिग्नस एक्स-१, सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचं कृष्णविवर. आपल्यापासून ७,२०० प्रकाशवर्षं दूर. दोघं पाच दिवस चौदा तासांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात.

ताऱ्यावरून सुटलेला वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, गरगरत तापतो. शेवटच्या टप्प्यात त्याच्या हाती जेमतेम एक मिलिसेकंद उरतो. तिथून निघालेले गॅमा किरण आपल्या वाळूपर्यंत पोचत नाहीत, हवा ते वरच्या वर अडवते. म्हणून युरोपने १७ ऑक्टोबर २००२ रोजी बैकोनूरहून ‘इंटिग्रल’ ही वेधशाळा अवकाशात पाठवली.

तिच्यात संवेदकांचे दोन थर, एकाखाली एक. काही किरण वरच्या थरावर आपटून वळतात आणि खालच्यात अडकतात. ते कुठल्या बाजूला जास्त वळले, हे मोजायचं. सात वर्षांच्या नोंदी एकत्र केल्यावर २०११ मध्ये उत्तर आलं: ४०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) वरच्या किरणांना ठाम कल आहे, म्हणजे त्यांची कंपनं बरीचशी एकाच दिशेने होतात. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. आकड्यात अनिश्चितता बरीच होती, पण कल होता!

मला हे फार मोठं वाटतं. किरणांना असा कल चुंबकीय क्षेत्र शिस्तीत असेल तर येतो. म्हणजे जिथे नुसता गोंधळ असेल असं वाटावं, तिथे चुंबकीय क्षेत्र शिस्तीत उभं आहे. त्याच्याच आधाराने काही कण विवरात न पडता झोतातून बाहेर निसटतात, असा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला.

पुढे भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या खगोल-उपग्रहानेही तिकडे नजर लावली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या त्याच्या उपकरणाने १०० ते ३८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांतही हा कल टिपला. तो निष्कर्ष २०२४ चा.

हंसाची मान आता समुद्राकडे उतरते आहे. मध्यरात्रीच्या सुमाराला ती पाण्याआड जाईल.