तळघरातली पुटपुट

[दृश्य: अटलांटा, लेकवूड हाइट्स. रस्त्यावरून दिसणारं घर. कॅमेरा सावकाश जवळ जातो.]

या घराच्या तळघरात फरशी नव्हती. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याची लाल माती आणि वायरींचं जंजाळ. नव्वदीच्या सुरुवातीला रिको वेड नावाच्या तरुणाने आईच्या घराखाली इथे संगीताचा अड्डा जमवला. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'डंजन', अंधारकोठडी. आउटकास्ट ही रॅपर जोडी इथलीच. आणि ज्याच्यावर पुढे 'मम्बल रॅपर' असा शिक्का बसला तो फ्यूचर? तो रिकोच्या नात्यातला. याच गोतावळ्यात तयार झालेला.

मम्बल म्हणजे पुटपुटणं. शब्द धड कळणार नाहीत असं पुटपुटत केलेलं रॅप, ते मम्बल रॅप. २०१६ साली न्यूयॉर्कच्या एका रेडिओ मुलाखतीत रॅपर विझ खलिफाने हा शब्द वापरला. अनादर करायचा नाही, असंही तो म्हणाला. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, शब्द तेवढा राहिला. 'काही कळत नाही, आजकालच्या पोरांनी वाट लावली' या तक्रारीसकट.

[दृश्य: स्टुडिओ. काचेपलीकडे बूथमध्ये हेडफोन लावलेला मुलगा.]

बघा, याच्या हातात कागद नाही. बीट सुरू झाला की आधी नुसते हुंकार येतात. चाल सापडते, मग त्या चालीत शब्द येऊन बसतात. एक ओळ झाली की थांबायचं. इंजिनिअर दोन मात्रा मागे जातो आणि पुढची ओळ तिथूनच जोडतो. याला म्हणतात 'पंच-इन'. सगळं जमलं की 'ॲड-लिब': ओळीमागून मारलेल्या आरोळ्या, हुंकार, हसणं. त्यांचा ट्रॅक वेगळा.

हेडफोनमध्ये त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतोय तो ऑटो-ट्यूनमधून गेलेला. १९९७ साली हे सॉफ्टवेअर बाजारात आणणारा अँडी हिल्डब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीखालच्या लहरी तपासायचा. बेसूर लपवायचं यंत्र, असं आपण म्हणतो. इथे मात्र मुलगा मुद्दाम सूर घसरवतो आणि यंत्र तो कुठे पकडतं ते ऐकतो. हे वाजवणंच झालं की!

[दृश्य: जुनं ८०८ यंत्र. रंगीत बटणांची रांग. स्पीकरचा थरथरणारा पडदा.]

जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८, ढोलाचे ठोके वाजवणारं यंत्र. १९८० ते १९८३, एवढंच उत्पादन. सुमारे १२,००० नग. खऱ्या ढोलासारखं वाजत नाही म्हणून नावं ठेवली गेली. अटलांटाच्या निर्मात्यांनी त्याचा ठोका ताणून ताणून खर्ज केला. खालची सगळी जागा हा खर्ज खातो. वरच्या उरलेल्या जागेत आवाज तुकड्यातुकड्यांनी उड्या मारतो.

[दृश्य: टेबलावर ताल धरणारी बोटं.]

एका मात्रेत तीन अक्षरं. आपला तबलजी म्हणेल, तिस्र जाती. २०१३ मध्ये मिगोस या तिघांनी 'व्हर्साचे' गाण्यातून ही लय सर्वतोमुखी केली. पण मेम्फिसचा थ्री सिक्स माफिया हा रॅप गट नव्वदीतच हे करत होता. मग 'आजकालच्या पोरांनी वाट लावली' हे कोणत्या सालापासून मोजायचं? (तराण्यातल्या 'दिर दिर तोम'चा अर्थ आपणही कुणाला विचारत नाही.)

या शिक्क्याखाली टुकार गाणी निघालीच नाहीत असं नाही. ढिगाने निघाली. पण गंमत अशी, की त्याच २०१६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'पांडा' लोकांना फ्यूचरचंच वाटलं होतं. गाणारा निघाला डिझायनर नावाचा रॅपर, ब्रुकलिनचा, म्हणजे रॅपच्या माहेरचा, अस्सल न्यूयॉर्कचा.

[दृश्य: न्यूयॉर्क. रात्र. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे दिवे.]

इथेच, 'सोर्स' या हिप-हॉप मासिकाच्या १९९५ च्या पुरस्कारांत, आउटकास्टचं नाव पुकारलं आणि सभागृहाने हुर्यो उडवली. जोडीतला आंद्रे ३००० माईकवर म्हणाला: दक्षिणेला, म्हणजे अटलांटाकडच्या आम्हा लोकांना, काही सांगायचंय.

[दृश्य: फुल्टन काउंटीचं न्यायालय, बाहेरून. पायऱ्या.]

२०२२ मध्ये अटलांटाचाच रॅपर यंग थग टोळीच्या खटल्यात अडकला. २०२४ मध्ये गुन्हा कबूल करून प्रोबेशनवर सुटला. 'पुटपुट्या' म्हणून त्याचीही चेष्टा व्हायची. आरोपपत्रात त्याच्या गाण्यांच्या ओळी टाईप करून घातल्या होत्या. एकही शब्द अस्पष्ट नाही.

[दृश्य: पुन्हा बूथ. मुलगा तीच ओळ परत म्हणतो. निवेदन नाही.]